राजधानी निघून गेल्यावर

जिम कॉर्बेट वाचलेल्या मराठी वाचकाला चंपावत म्हटलं की वाघीण आठवते. आधी नेपाळात आणि मग काली नदीच्या अलीकडे कुमाऊंत मिळून ४३६ बळी तिच्या नावावर सांगितले जातात. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारलं तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले निघाले, जुन्या गोळीची ती करणी. एका जनावराने मुलखाचं नाव जगभर पोचवलं आणि मुलूख मात्र त्या नावाआड गडप झाला. उत्तराखंडाच्या पूर्व कडेचा हा डोंगरी जिल्हा पिथौरागडमधून वेगळा झाला तो १९९७ साली. नैनिताल, अल्मोडा, मुन्सियारी करणाऱ्यांच्या यादीत तो क्वचितच असतो. अशा जागांना आपण सरसकट ‘अपरिचित’ म्हणून मोकळे होतो, जणू तिथे कधी काही घडलंच नाही. चंपावतची गोष्ट उलटी आहे. इथे घडलं पुष्कळ. घडवणारे उठून दुसरीकडे गेले. कुमाऊंवर राज्य करणाऱ्या चंद राजांची ही राजधानी. सोळाव्या शतकात त्यांनी बिऱ्हाड अल्मोड्याला हलवलं, पुढे इंग्रजांनी नैनिताल वसवलं, आणि कचेऱ्या, शाळा, पैसा सगळं तिकडे वळलं.

सत्ता गेली की मागे काय उरतं, हे इथे नीट पाहता येतं. भर गावात चंदांचं बालेश्वर मंदिर आहे. पडझड झाली असली तरी छतावरचं दगडी कोरीवकाम पाहताना मान अवघडते. ढकना गावाजवळच्या रानात ‘एक हथिया नौला’ आहे. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेलं पाण्याचं घर, आपल्या बारवेची छप्पर घातलेली धाकटी बहीणच म्हणा. खाली निमुळतं होत जाणारं पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, दगडांच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी, भिंतींवर कोरलेल्या आकृत्या. लोक सांगतात, बालेश्वरासारखं दुसरं काही होऊ नये म्हणून राजाने कारागिराचा हात तोडला आणि त्याने उरलेल्या एका हाताने हा नौला घडवला. अशीच कथा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका देवळाबद्दलही सांगतात, तेव्हा ती इतिहास म्हणून घेऊ नये. पण लोकांनी राजाला खलनायक केलं आणि कारागिराला पाण्याजवळ जागा दिली, हा निवाडा मला महत्त्वाचा वाटतो. देवीधुरा गावचं बग्वाल, म्हणजे दगडांची झुंज, तीही राजधानीच्या जिवावर तगलेली नाही. राखीपौर्णिमेला चार खाम, म्हणजे चार कुळगट, वाराही देवीच्या मैदानात दगडांनी झुंजतात. एका माणसाइतकं रक्त सांडलं की पुजारी झुंज थांबवतो. आता न्यायालयाच्या आदेशानंतर फळं-फुलंही फेकली जातात. आणि १८९९ मध्ये विवेकानंदांचे शिष्य स्वामी स्वरूपानंद आणि सेव्हियर दांपत्याने लोहाघाटजवळच्या मायावतीत अद्वैत आश्रम काढला, तो जागा आडवाटेला होती म्हणूनच.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं पाहुण्याचं कौतुक झालं. रोजगारासाठी डोंगर उतरणाऱ्या पोराला आडवाट परवडत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि ‘दुर्लक्षामुळेच वारसा टिकला’ हे लाडकं विधान तो पार खोडून काढतो. दुर्लक्ष सोसून टिकतो तो दगड. नौल्याचं तसं नाही. वरच्या उतारावरचं बांजाचं, म्हणजे ओकचं रान राखावं लागतं, कुंड उपसावं लागतं, वाट साफ ठेवावी लागते. नळ आला आणि माणसं गेली की झरा अबोल होतो. म्हणून मैदानातल्या टनकपुराहून वर चढणारा रस्ता रुंद झाला याचं दुःख करण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच, की त्या रस्त्याने कुणी परतही येणार का. बालेश्वराला पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. गावोगावच्या नौल्यांना गाळ उपसणारी माणसं लागतात, आणि त्यांतली बरीच सध्या हल्द्वानीत नाहीतर दिल्लीत नोकरीला आहेत.