आवरलेला हात

'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' ही जपानी मालिका मी उमेळ्याच्या घरी एका पावसाळ्यात, भाच्याच्या आग्रहामुळे बघायला घेतली. योशिकी तानाका यांच्या दहा कादंबऱ्यांवरून ती केलेली आहे. त्या कादंबऱ्या १९८२ ते १९८७ या काळात आल्या आणि नोबोरू इशिगुरो यांच्या दिग्दर्शनाखाली मालिकेचे ११० भाग १९८८ ते १९९७ पर्यंत निघत राहिले. हजारो अंतराळजहाजांच्या लढाया असतील, एवढीच माझी अपेक्षा होती. लढाया आहेतच. पण प्रत्येक लढाईच्या आधी कुठेतरी एक बैठक झालेली असते आणि मालिकेचा जीव त्या बैठकीत असतो.

एक प्रसंग सांगतो. एका बाजूला सरदारांचं जुनं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला लोकशाही मानणारी ग्रहांची आघाडी. निवडणूक तोंडावर आली आहे, सरकारची लोकप्रियता घसरली आहे, म्हणून आघाडीचं मंत्रिमंडळ साम्राज्यावर मोठी स्वारी मंजूर करतं. साम्राज्याचा तरुण सेनापती राइनहार्ड सरहद्दीवरच्या ग्रहांतलं धान्य आधीच उचलून नेतो. आलेल्या सैन्याला 'आम्ही तुम्हाला मुक्त करायला आलो' म्हणत भुकेल्या लोकांना जेवू घालावं लागतं. कोठारं रिकामी होतात, मग सैनिकच लोकांचं धान्य हिसकावू लागतात आणि शेवटी ॲम्लिट्झरच्या लढाईत हे सैन्य चिरडलं जातं. ती हार मंत्रिमंडळाच्या टेबलावरच झालेली होती.

भाचा राइनहार्डच्या बाजूचा. "मामा, तो भ्रष्ट सरदारांना हाकलतो, कायदे सुधारतो, लायक माणसांना वर आणतो. तुमच्या त्या लोकशाहीत कोण आहे? ट्रुनिश्टसारखा भाषणबाज?" त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मालिका आघाडीचे पुढारी खरोखरच कुजलेले दाखवते आणि त्यांच्यासाठी लढणारा यांग वेनली मनाने इतिहासाचा अभ्यासक आहे. फुकट शिक्षण मिळेल म्हणून तो लष्करी शाळेत गेला आणि तिथेच अडकला. अजिंक्य मानला गेलेला इझरलोन किल्ला तो युक्तीने घेतो, आपला एकही माणूस न गमावता.

किल्ला आम्हा उमेळेकरांच्या अंगवळणी पडलेला विषय. नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला आमचं गाव, तिथून वसईचा कोट फार दूर नाही. शाळेची सहल तिथे, पाहुणे आले की फेरी तिथे. मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाची गोष्ट इथल्या मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही. पण ती गोष्ट आम्ही नेहमी बुरूज फुटेपर्यंतच सांगत आलो. यांगची मालिका बघताना मला त्यापुढचं वाचावंसं वाटलं आणि आधीचंही.

आधीचं म्हणजे राजकारण. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे धर्माच्या नावाने इथल्या लोकांवर जुलूम झाला. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांना या मुलखात आणण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, माहिती पुरवली, माणसं जोडली. साष्टीची बखर ही त्या खटपटीची कहाणी आहे. मग १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, त्याच साली अर्नाळा, १७३९ च्या सुरुवातीला खाडीपलीकडची धारावी. म्हणजे कोटाला हात घालण्याआधी त्याची रसद एकेका बाजूने तोडत आणली गेली. फेब्रुवारीत वेढा आवळला. मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियनचा बुरूज फुटला, खिंडारात घुसलेली माणसं पडली, पुन्हा घुसली. मराठ्यांकडची हानी हजारांत मोजावी लागते. पोर्तुगीज सेनापती सिल्व्हेरा वेढ्यात मारला गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या सोझा परेरानं शरणागतीचं बोलणं लावलं.

१६ मे १७३९ रोजी ठरलेल्या अटी मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. शिबंदीने आपली हत्यारं घेऊन, निशाणं फडकवत, वाद्यं वाजवत बाहेर पडायचं. रहिवाशांना आपली चीजवस्तू नेण्याची मुभा. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक. निघून जायला आठवडाभराची मुदत, आणि २३ मे रोजी मराठ्यांचं निशाण कोटावर चढलं.

एवढी माणसं गमावलेल्या फौजेच्या सेनापतीने हे मान्य केलं! खिंडार पडलेलं होतं, सूड घ्यायला कारणं होती, अडवणारं कोणी नव्हतं. किल्ला घेण्यापेक्षा हा आवरलेला हात मला मोठा वाटतो. कोट घेताना अप्पांचं शौर्य दिसलं, अटी पाळताना त्यांची इज्जत दिसली. मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या हेही खरं आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही टांगलेल्या आहेत. ती लूट होती आणि तिला लूटच म्हणावं. पण माणसं राहिली. उमेळ्यात आमच्या शेजारी नाताळाला गोठा मांडला जातो, गणपतीत त्या घरची पोरं आमच्याकडे आरतीला उभी राहतात. हे सगळं एका तहामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या मे महिन्यात कत्तल झाली असती तर ही वस्ती अशी उरली नसती.

याच्या उलट काय होतं ते मालिकेत वेस्टरलँडच्या भागात आहे. बंडखोर सरदार एका ग्रहावर अण्वस्त्रं टाकणार हे राइनहार्डला आधी कळतं. त्याचा सल्लागार ओबरस्टाइन म्हणतो, होऊ द्या, त्याची दृश्यं दाखवली की सगळी प्रजा आपल्याकडे येईल. वीस लाख माणसं मरतात, युद्ध लवकर संपतं, हिशेब बरोबर येतो. आणि राइनहार्डचा जिवाभावाचा मित्र किर्शाइस त्याला तोंडावर विचारतो की आपण या सरदारांपेक्षा वेगळे कशात? तो भाग संपल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. मला ओबरस्टाइनची भीती वाटते ती तो क्रूर आहे म्हणून नव्हे. त्याच्यासारखं बोलणारी माणसं शहाणी ठरतात म्हणून.

आमचं खरं भांडण झालं ते व्हर्मिलियनच्या लढाईवरून. यांगच्या तोफांसमोर राइनहार्डचं जहाज येतं. एक हुकूम दिला की युद्ध संपलं. त्याच वेळी साम्राज्याचे दोन सरसेनापती आघाडीच्या राजधानीवर पोचलेले असतात आणि आघाडीचा प्रमुख ट्रुनिश्ट स्वतःची कातडी वाचवायला युद्धबंदीचा आदेश पाठवतो. यांगचा सहकारी त्याला सांगतो, आदेश कानाआड कर. यांग थांबतो.

"मूर्खपणा," भाचा म्हणाला. "अशा माणसाचं का ऐकायचं?"

मी त्याला वसईचा दुसरा तह सांगितला. १८०२ मध्ये होळकरांकडून हडपसरजवळ हार झाल्यावर दुसरे बाजीराव पळत वसईला आले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांच्या सहा हजार पायदळाचा खर्च मान्य करून सही देऊन बसले. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईत, ६३ वर्षांनी, त्यांच्याच घराण्यातल्या पेशव्याने राज्य गहाण टाकलं. ट्रुनिश्ट आमच्याकडे होऊन गेलेला आहे.

"मग तर माझंच बरोबर," भाचा म्हणाला. "अशा वेळी सेनापतीनं ऐकायलाच नको."

पण सेनापतीने स्वतःच ठरवायचं म्हटलं की पुढचा सेनापतीही ठरवणार आणि तो यांग असेलच असं नाही. यांगला हे इतिहास वाचून ठाऊक आहे. साम्राज्याचा पहिला सम्राट रुडॉल्फ लोकांच्या मतांनीच निवडून आला होता, लोक पुढाऱ्यांना कंटाळले होते म्हणून. मला यांग पटतो, जीव तुटत असताना पटतो.

भाच्याने मग एक प्रश्न काढला आणि तो आमच्यात अजून सुटलेला नाही. मार्च १७३९ मध्ये नादिरशाहने दिल्लीत कत्तल केली होती. अप्पांचे थोरले भाऊ पहिले बाजीराव पेशवे यांना उत्तरेत फौज हवी होती आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे वसईच्या वेढ्यात गुंतलेले. समजा खिंडार पडलेल्या दिवशीच थोरल्या भावाचा खलिता आला असता की वेढा उठवा, तर अप्पा थांबले असते का? मी म्हणतो, थांबले असते. भाचा म्हणतो, हजारो माणसं त्या भिंतीखाली पडल्यावर कोणीच थांबत नाही, यांगसुद्धा थांबला नसता.