वादळ विकत घ्यावे का?

आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस कोणतीही वस्तू नुसती घेत नाही. तो आधी कारण घेतो आणि मग त्या कारणाला साजेशी वस्तू घेतो. फ्रीज घ्यायचा तो दूध नासते म्हणून, पंखा घ्यायचा तो मुलांच्या अभ्यासासाठी, आणि पैठणीदेखील घ्यायची ती पुढे सुनेला उपयोगी पडेल म्हणून. ‘मला आवडली म्हणून घेतली’ हे वाक्य आपण फार तर पेरूंच्या बाबतीत उच्चारतो, आणि तेही पाव किलोच्या आत.

तेव्हा आमच्या घरात गेले तीन महिने जो प्रश्न ठाण मांडून बसला होता, तो पुष्कळांना पोरकट वाटेल हे मी धरूनच चालतो. वयाच्या 64 व्या वर्षी, पेन्शनीवर संसार चालवणाऱ्या आणि हर्णेसारख्या बंदराच्या गावी राहणाऱ्या माणसाने केवळ हौसेखातर एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी की न घ्यावी, असा तो प्रश्न. घरात एक मोटार आहेच. दापोलीला औषधे आणायला आणि पाहुण्यांना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्यायला ती पुरेशी आहे. म्हणजे दुसऱ्या गाडीला कारण असे काही नव्हतेच, आणि सारी पंचाईत होती ती हीच.

गाडी पुण्याच्या एका गृहस्थांची. तिचे नाव सॅन स्टॉर्म. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेही नसेल. ज्या देशात कित्येक वर्षे अँबॅसडर की फियाट एवढीच निवड करायची असे, आणि 1983 साली मारुती आली तेव्हा लोकांना स्वर्ग दोन बोटे उरल्यासारखे वाटले, त्या देशात बंगळूरच्या सॅन मोटर्सने 1998 साली दोनच माणसांची, छप्पर उघडता येणारी मोटार काढली. अंग फायबरचे, इंजिन फ्रान्सच्या रेनोचे, 1149 सीसीचे; तिकडच्या छोट्या ट्विंगो गाडीत असे तेच. शक्ती सुमारे 60 अश्वांची. आजच्या साध्या घरगुती मोटारीतही याहून जास्त घोडे जुंपलेले असतात. पण गंमत घोड्यांत नसते, बैठकीत असते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसले आणि डोक्यावर आभाळ असले, की चाळीसचा वेग ऐंशीचा वाटतो. आमच्या रस्त्यांवर चाळीसच्या पुढे जाताच येत नाही, तेव्हा ही सोय मला फार मोलाची वाटली.

अशा गाडीची हौस फुकट भागत नाही, याला साक्षात सचिन तेंडुलकर साक्षी आहे. 2002 साली त्याने ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. किल्ली हाती दिली ती मायकेल शूमाकरने. गाडी फुकट, पण तिच्यावरची आयात जकात कोटीच्या वर! ती माफ करावी की नाही यावर देशभर वाद माजला, प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि अखेर जकात फियाट कंपनीने भरली. पुढे 2011 साली तीच गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. म्हणजे सचिनची फेरारीसुद्धा शेवटी ‘सेकंडहँड’ झालीच. यावरून मी इतकेच घेतले, की प्रत्येक हौसेवर कुठली ना कुठली जकात बसतेच. हर्णेत ती समुद्र वसूल करतो.

सुवर्णदुर्गावरून येणारा वारा पाहुण्यांना फार आवडतो. तो वारा मिठाने भरलेला असतो, हे त्यांना दुसऱ्या खेपेस कळते. हे मीठ लोखंडावर बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेत राहते, त्यामुळे पाऊस नसला तरी लोखंड मनातून ओलेच असते. आमच्या खिडकीचे गज, गॅसची शेगडी, सायकलची साखळी, सारे बारा महिने गंजत असते. मासळी वाहणाऱ्या ज्या बैलगाड्या लिलावाच्या वेळी थेट लाटांत शिरतात, त्या अजून टिकून आहेत यात नवल नाही; त्यांच्यात लोखंड कमी आणि बैल जास्त आहेत.

म्हणून गाडीचे फोटो मी पहिल्यांदा दाखवले ते मोटारीच्या मिस्त्रीला नव्हे, तर आमच्या शेजारच्या तांडेलांना. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. माणसाने जुनी होडी पाहावी तसा.

“भाऊ, वरची फायबर हाय, तिला काय व्हायचं नाय. आमच्या होड्या आता फायबरच्याच. पण खाली लोखंड किती ते बोला.”

“खाली सगळं लोखंडच. सांगाडा, नळ्या, बोल्ट.”

“मग पोटाखाली शिरून बघा. वरनं बघून होडी कोण घेतो? आन् जिथं दोन जातींचे धातू एकाला एक लागतात तिथं आधी बघा. आम्ही पंख्यापाशी जस्ताचे तुकडे लावतो. पाणी ते खातं, पंखा ऱ्हातो. तुमच्या गाडीला कोण लावणार?”

शेवटी त्यांनी निकाल दिला, तो असा: समुद्रावर न्यायची नाही, फेरी झाली की गोड्या पाण्याने पोटाकडून धुवायची, आणि पावसाळाभर शाकारून ठेवायची. मासेमारी 1 जूनपासून बंद असते तशी हिचीही बंद. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात कापडी छपराची गाडी बाहेर काढणे म्हणजे छत्री उलटी धरण्यासारखेच होते.

कागदांची बाजूही मी पाहून घेतली. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. गाडी 2003 सालची. म्हणजे 2018 आणि 2023 ही दोन वळणे तिने पार केलेली होती आणि पुढचे 2028 साली. माझ्याही तपासण्या साधारण याच चालीने चालल्या आहेत, त्यामुळे मला तिच्याविषयी थोडी आपुलकी वाटली.

हे सगळे होईपर्यंत मी घरात फक्त ‘एक छोटी गाडी’ असे म्हणत होतो. नाव कळले तेव्हा सौ. भाजी चिरत होती. तिने स्टॉर्म म्हणजे वादळच ना, अशी खात्री करून घेतली आणि म्हणाली, “एक वादळ फुकट आलं होतं, त्याचा खर्च अजून भागलेला नाही. आता दुसरं पैसे देऊन आणायचं?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा आम्हाला नोकरी संपवून गावी येऊन वर्षही झाले नव्हते. दुपारच्या काही तासांत वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या, माड मोडले आणि घराची कौले पानांसारखी उडाली. वीज कित्येक दिवस नव्हती. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी यायला सहा-सात वर्षे जातात. आमची दुसरी लागवड आता कुठे अंगाला लागते आहे. घरावर तेव्हा घाईने पत्रे घातले, ते अजून तसेच आहेत. पुन्हा कौले घालायची म्हणून 6 लाखांची एक मुदत ठेव केली होती आणि ती यंदाच संपत होती. म्हणजे घराच्या छपराच्या पैशांतून बिनछपराची गाडी घ्यायची, असा हा बेत होता. आमच्या चिरंजीवांनी फोनवर म्युच्युअल फंडाचा मार्ग सुचवला. लेक म्हणाली, “बाबा, घ्या, पण त्यातून उठणार कसे?”

पाहून यायला काय हरकत आहे, म्हणून आम्ही दोघे एस.टी.ने पुण्याला गेलो. ओळखीचा एक मिस्त्री बरोबर घेतला. तांडेलांच्या सल्ल्याप्रमाणे तो आधी पोटाखाली शिरला. सांगाडा ठीक होता; गाडी घाटावर राहिलेली, मीठ तिने पाहिलेले नव्हते. टायरांवरची नक्षी शाबूत होती, पण कडेला चार आकडे असतात ते त्याने मला वाचायला लावले: 1511. म्हणजे 2011 सालचा पंधरावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. चारही टायर बदलायचे, इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायचा, छपराच्या कापडाला चिरा गेल्या आहेत ते शिवून घ्यायचे. मालकांनी 4 लाख सांगितले होते. टायरांचे वय काढल्यावर ते सव्वातीनवर आले.

मग आम्ही दोघे तिच्यात बसलो. बसलो म्हणजे उतरलो. विहिरीत उतरावे तसे. गाडी दोन किलोमीटर चालवली. सौ. एक अक्षर बोलली नाही. परत आल्यावर मालकांना तिने एकच प्रश्न विचारला, “मागे बसायला काही नाही?”

“नाही हो वहिनी, ही दोघांचीच.”

“कुणाला दाटीवाटीनं बसवायचं म्हटलं तर?”

“शक्यच नाही.”

परतीच्या बसमध्ये ताम्हिणी घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “अहो, आपली चेतक आठवते? पुढे थोरला उभा, मांडीवर धाकटी, पाठीला स्टेपनी. मग मारुती आली. पुढे मामंजी, त्यांचे गुडघे म्हणून. ते गेल्यावर सासूबाई, त्यांना मागे मळमळायचं म्हणून. मग फणस.”

“फणस?”

“मागे लोळतो म्हणून पुढच्या सीटवर ठेवलात तुम्ही. मी मागे. आता पुढे बसते, तर दापोलीला जायचं म्हटलं की आळीतल्या दोघी-तिघी तयार. कुणाचं काही चुकलं नाही. पण 37 वर्षांत आपण दोघंच गाडीनं कुठे गेलोय, सांगा बघू.”

मी बराच वेळ आठवत होतो. माणगाव आले तरी मला एकही गाव सांगता आले नाही.

गाडीतला जो दोष म्हणून मी तिच्यापासून जपून सांगत होतो, तोच तिला तिच्यातला एकुलता एक गुण वाटला होता! आपल्या घरात वाहन मोजायचे ते किती माणसे मावतात यावर. त्यात वाईट काहीच नाही, तशीच आपली घरे चालली. पण ज्या वाहनात तिसरे माणूस मावतच नाही, त्यात कुणाला नाही म्हणण्याचा वाईटपणा येत नाही. ते काम गाडीच करते.

घरी आल्यावर तिनेच कागद-पेन्सिल घेतली. आजारपणाची ठेव निराळी आहे, तिला हात लावायचा नाही. 6 लाखांतले सव्वादोन लाख माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या कौलांना. सव्वातीन गाडीला. उरलेले 50,000 टायर, बेल्ट आणि छपराच्या कापडासाठी बाजूला. पडवीवर मात्र पत्राच राहणार. पावसात पत्र्याखाली बोललेले ऐकू येत नाही, उन्हाळ्यात तिथे बसवत नाही, आणि अशी आणखी काही वर्षे जाणार, हे तिने मला मोठ्याने वाचून दाखवले. हौसेची ही खरी किंमत होती. दोघांनी ती डोळ्यांनी पाहिली आणि दोघांना ती पटली. तेव्हा मी कारण शोधणे सोडून दिले. 2028 साली तपासणीची वेळ आली, की पुन्हा असेच बसून ठरवायचे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हर्ण्यात आलेली असेल. पहिली फेरी पहाटे आसूदच्या वळणांवरून दापोलीपर्यंत, चहा पिऊन परत. तांडेलांनी धुण्यासाठी आपली पाण्याची नळी देऊ केली आहे. बातमी मात्र गावभर झाली आहे. कालच आमच्या आत्याबाईंचा निरोप आला: “मला काही अडचण व्हायची नाही हो, मी आपली मागे कुठेतरी बसेन.”

सौ.ने उलट निरोप धाडला, “आत्याबाई, मागे आभाळ आहे.”