वाटेत उभा राहिलेला धाकटा

आमच्या घरात कुस्ती शिरली ती लाल मातीच्या वाटेने नव्हे, तर आखातातून आलेल्या एका बॅगेतून. वडील तरुणपणी मुंबईत नोकरीस होते. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजींचे किस्से ते जेवणानंतर चवीने सांगत आणि आम्ही मुले तोंडात बोट घालून ऐकत असू. परंतु जी कुस्ती आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी, एकदा नव्हे तर पंधरा-वीस वेळा पाहिली, ती एका व्हिडिओ कॅसेटवर होती. रजेवर आलेल्या मावसभावाने साबणाच्या वड्या आणि बदाम यांच्याबरोबर ती आणली होती. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २० मार्च १९९४ रोजी झालेला 'रेसलमेनिया'चा दहावा सोहळा तिच्यात साठवलेला होता. पहिला सोहळाही १९८५ साली याच सभागृहात झाला होता.

त्या पावसाळ्यात वाडीत गुडघाभर पाणी साचले होते आणि आमचा धाकटा बंधू व आम्ही ओटीवरच्या दूरदर्शन संचासमोर मांडी ठोकून बसलो होतो. वाचकांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. ही कुस्ती लुटुपुटीची आहे, निकाल आधी ठरलेला असतो, मग त्यात पाहायचे काय? हा प्रश्न आम्हास असंख्य वेळा विचारला गेला आहे. त्यावर आमचे म्हणणे एवढेच, की गावच्या नाटकात खलनायकाचे काम करणारा इसम उद्या सकाळी आपल्याच घरी दूध घालणार आहे, हे ठाऊक असूनही आपण त्याला शिव्या मोजतोच की नाही? निकाल ठरलेला असतो. अंगावर पडणारे अंग मात्र खरे असते.

त्या रात्रीची पहिलीच लढत दोन सख्ख्या भावांची होती. ब्रेट हार्ट आणि ओवेन हार्ट. कॅनडातील कॅल्गरी शहरच्या स्टू हार्ट या जुन्या मल्लाचे हे पुत्र. स्टू आणि हेलन यांना बारा अपत्ये, आठ मुलगे आणि चार मुली. घराच्या तळघरात बापाने कुस्तीची जागा केली होती आणि तिला लोक 'डंजन', म्हणजे अंधारकोठडी, म्हणत. मुलगे तेथेच तयार झाले. ब्रेटचा जन्म १९५७ चा. ओवेन सर्वांत धाकटा, १९६५ चा. म्हणजे दोघांत जवळजवळ आठ वर्षांचे अंतर. आमच्या दोघांत सहा.

या लढतीची पूर्वपीठिका सांगितल्यावाचून तिची गोडी कळणार नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात चार हार्ट बंधू एका बाजूने लढले, त्यात बाद झाला तो एकटा ओवेन, आणि तोही ब्रेटशी टक्कर होऊन. पुढे जानेवारी १९९४ मध्ये दोघे जोडीने लढले. ब्रेटचा गुडघा दुखावला, तरी तो ओवेनला संधी न देता स्वतःच लढत राहिला आणि शेवटी पंचाने सामना थांबवला. तेव्हा ओवेनने आपल्या थोरल्याच्या त्याच दुखऱ्या पायावर लाथ मारली. पंचावन्नांपैकी पन्नास प्रेक्षकांना तो कृतघ्न वाटला असेल. आमच्या ओटीवर मात्र मते समसमान विभागली गेली. आम्ही ब्रेटचे. बंधू ओवेनचा.

याचे कारण आम्हास त्या वेळी उमगले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. उमगले होते, बोललो नाही. शाळेत गुरुजी हजेरी घेताना बंधूच्या नावापाशी थांबत आणि "अरे, तू त्याचा भाऊ ना?" असे विचारीत. चर्चच्या गायनमंडळात त्याला घेतले ते आमच्या आवाजाच्या भरवशावर, आणि आवाज वेगळा निघाल्यावर मागच्या रांगेत नेऊन उभे केले. आमचे सदरे त्याच्या अंगावर चढत. आम्ही मुंबईस शिकावयास गेलो, त्याच वर्षी वडिलांची प्रकृती ढासळली. वाडी पाहण्यास कोणी तरी हवे होते, म्हणून बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. कोणी त्याला थांब म्हणाले नाही. तसे म्हणण्याची वेळच त्याने येऊ दिली नाही.

लढतीकडे वळतो. पहिली काही मिनिटे दोघे एकमेकांच्या मनगटांना, खांद्यांना धरून जुन्या रीतीने झुंजतात. प्रत्येक वेळी ब्रेटने सोडवून घेतले की ओवेन चिडून थोरल्याला ढकलतो, गालात चपराक हाणतो. एकाच तळघरात शिकलेल्या दोघांना एकमेकांचे प्रत्येक पेच आधीच ठाऊक आहेत, हे पाहताना जाणवत राहते. ब्रेट दोरांवरून बाहेर झेप घेतो आणि गुडघा धरून लंगडू लागतो. त्यानंतर ओवेन त्या पायाचा जो पिच्छा पुरवतो, तो पाहवत नाही. ब्रेटचा हुकमी डाव म्हणजे 'शार्पशूटर', प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय पिळून त्याला पालथा पाडणारा. ओवेन तोच डाव थोरल्यावर घालतो. ब्रेट उलटवून धाकट्यावर घालतो. ओवेन सरपटत दोर गाठतो.

वीस मिनिटे उलटली होती. ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढून त्याला गुंडाळून खाली आणू पाहतो. एरवी या डावाने सामना संपला असता. ओवेन जागच्या जागी खाली बसतो, थोरल्याचे खांदे त्याच्या वजनाखाली चटईला टेकतात आणि पंच हात आपटतो. एक, दोन, तीन.

बंधू उभा राहिला. ओरडला मात्र नाही. त्याने कॅसेट मागे घेतली आणि ते तीन आकडे पुन्हा पाहिले. मग आणखी एकदा. लबाडी नाही, खुर्ची नाही, बाहेरच्याची मदत नाही. सरळ, स्वच्छ विजय. आत स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापीत होती. भावाभावांची कुस्ती चालली आहे हे तिने आमच्या बोलण्यावरून ताडले आणि तेथूनच म्हणाली, "काइन आणि हाबेल पाहायला व्हिडिओ कशाला लागतो? बंद करा ते आणि पाणी उपसायला जा."

मधल्या लढतींविषयी फार लिहीत नाही. काही तर विसरण्याजोग्याच होत्या. 'अर्थक्वेक' नामक अगडबंब गृहस्थाने आपला सामना अवघ्या पस्तीस सेकंदांत उरकला, तेव्हा आम्ही चहा घेण्यास उठलो होतो आणि परत आलो तो दुसरेच काही चालले होते. लेक्स लूगर आणि योकोझुना यांच्या सामन्यात पंच 'मिस्टर परफेक्ट' याने लूगरलाच बाद ठरवले. ते आम्हास त्या दिवशी अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

परंतु शिडीच्या लढतीपाशी थांबलेच पाहिजे. रेझर रेमन आणि शॉन मायकल्स, दोघांपाशी एकाच किताबाचा एकेक पट्टा. मायकल्सकडून किताब काढून घेतला तरी त्याने जुना पट्टा परत दिला नव्हता. दरम्यान रेमनने तो किताब नव्याने जिंकला होता. दोन्ही पट्टे उंच टांगलेले, मधोमध शिडी, आणि जो चढून काढील तो विजयी. आमच्या माहितीप्रमाणे हा प्रकार अमेरिकी संस्थेने शोधलेला नव्हे. स्टू हार्ट यांच्या कॅल्गरीच्या आखाड्यात तो १९७० च्या दशकातच झाला होता, आणि या संस्थेत १९९२ साली तो प्रथम खेळला गेला तो ब्रेट आणि मायकल्स यांच्यामध्ये. म्हणजे त्या रात्रीची सर्वांत गाजलेली वस्तूही हार्टांच्याच घरून आलेली होती.

मायकल्स शिडीच्या माथ्यावरून खाली पडलेल्या रेमनवर झेपावतो, तेव्हा आम्हास केळीच्या लोंगराला आधार द्यायला चढताना स्वतः पडल्याचे आठवे आणि पाठीत कळ उठे. शेवटी मायकल्स दोरांत अडकतो, सुटण्याची धडपड करतो आणि रेमन शिडी चढून दोन्ही पट्टे काढतो. गंमत अशी, की हरलेल्याचेच नाव या लढतीमुळे मोठे झाले. रेमनची भूमिका करणारे स्कॉट हॉल २०२२ च्या मार्च महिन्यात वारले, तेव्हा आम्ही त्या उतरत्या शिडीचीच आठवण काढली.

आणि मग रात्रीचा शेवट. ब्रेट पुन्हा आला, लंगडतच, योकोझुनाशी जगज्जेतेपदासाठी लढायला. हा योकोझुना जपानी म्हणून मिरवला जाई. वस्तुतः तो सामोअन वंशाचा, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, वजनाने दोनशे किलोंहून कितीतरी अधिक. आदल्या वर्षी याच सोहळ्यात ब्रेटच्या डोळ्यांत मीठ फेकून त्याच्याकडून किताब काढण्यात आला होता. या खेपेस योकोझुना कोपऱ्यातील दोरावर चढला, पडलेल्या ब्रेटवर बसकण मारण्यासाठी. त्याचा तोल गेला. तो पाठीवर कोसळला आणि ब्रेटने त्याचा पाय आवळून धरला. पंच रॉडी पायपर याने तीन मोजले.

आमचा ब्रेट जिंकला! इतर मल्ल धावत आले, त्यांनी त्याला खांद्यांवर घेतले. आम्ही ओटीवर अक्षरशः नाचलो असू. त्याच क्षणी कॅमेरा वळला. प्रेक्षकांमधून आखाड्याकडे येणाऱ्या वाटेत ओवेन उभा होता. आत आला नाही, निघूनही गेला नाही. दुपारच्या पोराने घरात बक्षीस आणावे आणि संध्याकाळी पाहुणे थोरल्याचेच कौतुक करायला यावेत, तसा तो पाहत होता. बंधूने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, याला सकाळीच हरवलं होतं ना यानं? मग?"

आम्ही काही उत्तर दिले नाही.

पुढली काही वर्षे भराभर सांगतो. वडील १९९७ साली गेले. वाडीची वाटणी निघाली. कागदावर विहीर कोणाच्या बाजूस जाते यावरून शब्दाला शब्द वाढला. आमचे म्हणणे कायद्याने बरोबर होते, असे आम्हास वकिलांनी सांगितले होते, आणि आम्ही ते त्याला सांगितले, चारचौघांत, नको त्या शब्दांत. त्यानंतर पावणेदोन वर्षे आम्ही एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो. मिस्साला एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत होतो.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरिनात ओवेन हार्ट मरण पावला. त्याला मुखवट्यातील 'ब्लू ब्लेझर' म्हणून छताजवळून दोराने खाली सोडावयाचे होते. चटकन सुटावी म्हणून लावलेली कडी वेळेआधी सुटली आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून आखाड्यात कोसळला. वय चौतीस. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना त्या क्षणी आधी चित्रित केलेली मुलाखत दाखवली जात होती, म्हणून पडताना त्याला त्यांनी पाहिले नाही. सभागृहातल्यांनी पाहिले. त्याला बाहेर नेले आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. ब्रेट १९९७ सालीच भांडून दुसऱ्या संस्थेत गेला होता. धाकटा मागे राहिला होता. भाऊ पडला त्या वेळी ब्रेट विमानात होता.

आम्हास हे समजले ते दोन दिवसांनी, इंग्रजी वर्तमानपत्रातील चार ओळींतून. आम्ही ते पान घडी करून खिशात घातले. संध्याकाळी कुंपणाचे फाटक उघडले. ते गंजले होते, त्याने मोठाच आवाज केला. बंधू विहिरीपाशी पंपाचा पट्टा बसवीत होता. त्याने मान वर केली, पण उठला नाही. काय बोलावे ते ठरवून आलो होतो, तेवढेच तोंडातून निघाले: "तुझा ओवेन गेला रे."

त्याने हात पुसले, कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. बराच वेळ लागला. त्या चार ओळींना एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाला, "पुढल्या मॅची चालूच ठेवल्या म्हणे." आणि थोड्या वेळाने, "ब्रेटला कोणी सांगितलं असेल?"

त्या रात्री आम्ही त्याच्या घरी जेवलो. विहिरीचा विषय निघाला नाही. तो पुढे तीन महिन्यांनी निघाला आणि अर्ध्या तासात मिटला. कागद अजूनही जुनेच आहेत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ब्रेट त्याच केम्पर अरिनात भावाच्या स्मरणार्थ लढला, हे आम्हास फार उशिरा कळले. ओवेनच्या पत्नीने, मार्थाने, संस्थेवर दावा लावला, तडजोडीत मिळालेल्या रकमेतील भाग घालून त्याच्या नावाने धर्मादाय संस्था काढली. या गोष्टी पुतण्याने शोधून दिल्या.

गेल्या नाताळात त्याच पुतण्याने आपल्या फोनवर ती जुनी लढत लावली. व्हिडिओ यंत्र केव्हाच भंगारात गेले आहे. कॅसेट मात्र बंधूच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली आहे. आम्ही तिघे डोकी जवळ आणून त्या हातभर पडद्यात पाहत होतो. चित्र कसे लखलखीत. ओवेन खाली बसला, ब्रेटचे खांदे टेकले. आम्ही दोघेही नकळत थांबलो, कारण आमच्या कॅसेटवर नेमके येथे, पुनःपुन्हा मागे नेल्यामुळे, पांढरे पट्टे येत आणि पंचाचा तिसरा हात दिसेनासा होई.

"इथे पट्टे यायचे," बंधू पुतण्याला म्हणाला.

"कसले पट्टे, बाबा?" त्याने विचारले.