लावलं एक, पोचलं दुसरं

मुरुमांवरच्या मलमातलं बेन्झॉइल पेरॉक्साइड त्वचेतून किती आरपार जातं, हे मोजायला एम.फार्म.चे विद्यार्थी मोठ्या उत्साहाने बसतात. फ्रान्झ सेल म्हणजे दोन कप्प्यांचं काचेचं छोटं उपकरण. मध्ये आवळून बसवलेला त्वचेचा तुकडा, वर मलम, खाली द्रावण आणि त्यात गरगरणारं चुंबकाचं कांडं. त्वचेचा पृष्ठभाग 32 अंशांवर राखायचा. खाली एखादा बुडबुडा अडकला तरी आकडे फसतात, म्हणून सेल तिरका करकरून तो बाहेर काढायचा. एवढा खटाटोप करून नमुना एचपीएलसीवर चढवला, की आलेखावर पेरॉक्साइडच्या जागी सपाट रेघ आणि तिच्या बऱ्याच आधी बेन्झॉइक अ‍ॅसिडचं ठसठशीत शिखर. "मॅडम, औषध गेलंच नाही!" गेलं की. लावलं त्या रूपात गेलं नाही, एवढंच.

त्वचा म्हणजे निव्वळ भिंत, असं आम्हाला शिकवलं गेलं. भिंत आहे ती सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशींची, जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीची. तिच्याखालची बाह्यत्वचा जिवंत आहे आणि समोर आलेल्या रेणूला हात लावल्याशिवाय ती सहसा सोडत नाही. यकृतात औषधं मोडणारी सायटोक्रोम पी-450 विकरं इथे फारच थोडी. एस्टरचा बंध तोडणारी एस्टरेज मात्र भरपूर.

औषध बनवणाऱ्यांनी याचा सगळ्यात हुशारीने उपयोग केला तो स्टेरॉइडांत. नुसतं बीटामेथासोन कातडीवर लावलं तर मिळमिळीत. त्याच्या 17व्या कार्बनवर व्हॅलरेटची तेलात मिसळणारी शेपटी जोडली की ते वरचा थर भराभर ओलांडतं आणि चांगलंच जहाल होतं. आत गेल्यावर ही शेपटी आपोआप 21व्या कार्बनवर सरकते आणि तिथे एस्टरेज तिला छाटून टाकतं. प्रेडनिकार्बेट याहून धूर्त. त्याला एस्टर दोन. पहिला तुटल्यावर उरणारा रेणूच खरा कामाचा. दुसरा गेला की उरतं साधं प्रेडनिसोलोन, त्वचेवर बरंच सौम्य. ही तोडफोड मुख्यतः बाह्यत्वचेत, जिथे दाह आहे तिथेच होते. खालच्या, कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना जहाल रूपाचा त्रास त्यामानाने कमी, म्हणून कातडी पातळ होण्याची भीतीही कमी.

आता क्लोबेटासोल प्रोपिओनेट बघा. याच्या 21व्या कार्बनवर क्लोरीन ठाण मांडून बसलेला. शेपटीला सरकायला जागाच नाही, त्यामुळे हा रेणू त्वचेत सहजासहजी तुटत नाही. आणि नेमका हाच आपल्याकडे बुरशीनाशक व अँटिबायोटिकसोबत एका ट्यूबमध्ये घालून नायट्यासाठी खपला. नायटा होतो कुठे, तर बऱ्याचदा जांघेत. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून पाहिलं होतं. कोपराखालच्या हातापेक्षा अंडकोशाच्या त्वचेतून ते 42 पट जास्त शोषलं गेलं. म्हणजे तुटायला अवघड स्टेरॉइड, झिरपायला सगळ्यात सोपी जागा, आणि वापर महिनोन्‌महिने! खाज लगेच थांबते, बुरशी खुशाल पसरते आणि जांघेत कायमचे चरे उमटतात. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, तरी चिठ्ठीवाचून ट्यूब मागणारे आणि देणारे काही संपलेले नाहीत. मला याचा राग येतो, कारण इथे शास्त्राला काही गूढ उरलेलं नाही.

त्वचेच्या या स्वयंपाकघरात नेहमी भलंच शिजतं असंही नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. काजळीतला बेन्झोपायरीनसारखा रेणू मुळात डीएनएला चिकटत नाही. त्वचेतली ती थोडीथोडकी सायटोक्रोम विकरंच त्याला चिकटणारं रूप देतात. आणि असे रेणू येत राहिले की ही विकरं आणखी वाढतात. सोरायसिसवर आजही लिहून दिलं जाणारं कोल टार याच जातीच्या रेणूंनी भरलेलं असतं, हे जाता जाता.

माझी खरी कुरबुर प्रयोगशाळांबद्दल आहे. उंदराच्या कातडीत एस्टरेज माणसापेक्षा कितीतरी जोमदार, त्यामुळे तिथे झटपट तुटलेलं औषध माणसात तसंच तुटेल याची खात्री नाही. डुकराच्या कानाची त्वचा आपल्या जवळची, पण जनावर उकळत्या पाण्यात जाण्याआधी तो कान हाती यावा लागतो. माणसाची त्वचा मिळते पोट आवळण्याच्या शस्त्रक्रियेतून, रुग्णाच्या संमतीने आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने. ती ताजी वापरायची तर शस्त्रक्रिया संपेपर्यंत डबा घेऊन थिएटरबाहेर बसावं लागतं. त्यापेक्षा फ्रीजर सोयीचा. गोठवलेल्या त्वचेतून आरपार जाण्याचे आकडे बऱ्यापैकी जुळतात, विकरं मात्र बरीचशी निकामी होतात. म्हणून 'औषध त्वचेत स्थिर आढळले' असं कुठे वाचलं की मी आधी मागे, पद्धतीच्या परिच्छेदात जाते. पुष्कळदा तिथे तापमान छापलेलं असतं : उणे 20.