मॅडम, ऐकताय ना?

लातूरला ज्युनियर कॉलेजात समुपदेशक म्हणून नोकरी लागली, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, 'वा, म्हणजे गप्पा मारायचा पगार!' मार्च 2020 पर्यंत माझं काम दिसायचंही तसंच. एक खोली, पंखा, टिश्यूचा डबा आणि समोर अकरावी-बारावीतली मुलं. 'लातूर पॅटर्न'च्या गावात रडायलासुद्धा टाईमटेबल बघावं लागतं, बॉस. दोन टेस्टच्या मधे यायची, दहा मिनिटं रडायची आणि पळायची.

मग लॉकडाऊन. होस्टेल, मेस, क्लासेसच्या गल्ल्या... सगळं सुनसान. 'नीट' 3 मेवरून 26 जुलैला गेली, तिथून 13 सप्टेंबरला. मुलं गावी परतली आणि माझी खोली मोबाईलमध्ये आली. पण घरात फोन एकच, शेजारी आजी बसलेली. मनातलं बोलणार कसं? एक मुलगी रोज गच्चीवरून कॉल करायची. पाऊस आला की सेशन संपलं! (हे आम्हाला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.)

एप्रिल 2021 मध्ये नांदेडला पप्पांना ऑक्सिजन लागला. रस्ता जेमतेम तीन तासांचा, पण 22 तारखेपासून जिल्हा ओलांडायला पुन्हा ई-पास. 'ताई, येऊन तरी काय करणार? आत सोडतच नाहीत,' भाऊ म्हणाला.

त्याच आठवड्यात, रात्री साडेअकराला लोह्याकडच्या एका विद्यार्थ्याचा फोन. वडील नुकतेच गेलेले. 'मॅडम, आता डॉक्टर होऊन काय करू?' तो बोलत होता आणि वेटिंगवर भावाचा नंबर दिसत होता. 'बाळा, उद्या बोलू,' म्हणाले आणि कट केला.

भावाला फक्त सॅच्युरेशन सांगायचं होतं. 91.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन स्विच्ड ऑफ. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. केंद्राची 'मनोदर्पण' हेल्पलाईन जुलै 2020 पासून सुरू होती. तिचा नंबर मी कितीतरी मुलांना दिला होता. स्वतः कधी लावला नाही.

पाचव्या दिवशी त्याचाच फोन आला. मोबाईल काकांचा, चार्जर बिघडलेला. एवढंच! मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, 'मॅडम, तुमच्या घरी कुणी आजारी आहे का? त्या दिवशी आवाज वेगळा वाटला.' आणि मला जे रडू फुटलं... पलीकडे तो गप्प थांबून राहिला. मग हळूच, 'मॅडम, ऐकताय ना?'

पप्पा मे महिन्यात घरी आले. त्यानं 12 सप्टेंबरला 'नीट' दिली, नंबर काही लागला नाही. पुढे नर्सिंग केलं. अजून फोन करतो, रात्री साडेअकरालाच.