संदकफूच्या म्हाताऱ्या गाड्या

एकतीस किलोमीटर जायला किती वेळ लागतो? सपाट रस्ता असेल तर एसटीनं फार तर एक तास. सायकल दामटलीत तर दोन-अडीच तास. पण हिमालयात एक वाट अशी आहे, की तिथं इतक्याच अंतराला मोटारीला चार-चार तास लागत आलेत. आणि मोटार तरी कुठली? तुमच्या आजोबांच्या वयाची!

दार्जिलिंग हे नाव तुम्ही चहाच्या पुड्यावर वाचलेलं असणार. त्या दार्जिलिंगहून सुखियापोखरीमार्गे तासा-दीड तासात मानेभंज्यांग नावाचं एक छोटंसं गाव लागतं. नेपाळीत भंज्यांग म्हणजे खिंड. मजा म्हणजे हे गाव दोन देशांत आहे. बाजारातली एक बाजू भारतात, पलीकडची नेपाळमध्ये. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. इकडची माणसं चहा प्यायला तिकडे जातात आणि तिकडची इकडे भाजी घ्यायला येतात.

या गावातून सिंगालीला नावाची डोंगररांग वर चढत जाते. तिच्या माथ्यावर आहे संदकफू, पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. उंची ३,६३६ मीटर. आपलं कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर ना? ते १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी संदकफू साडेतीनशे मीटर वरच राहतं! तिथून जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार दिसतात : एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू. हवा स्वच्छ हवी, एवढंच. कांचनजंगाची रांग तर इतकी समोर येते, की बर्फात कुणी उताणं झोपलंय असं वाटावं. तिकडचे लोक तिला ‘निजलेला बुद्ध’ म्हणतात.

पण आज आपल्याला शिखरांबद्दल बोलायचं नाही. शिखरांचे फोटो सगळ्या कॅलेंडरांवर असतात. आपण बोलूया त्या माणसांना, तांदळाच्या पोत्यांना आणि गॅसच्या सिलिंडरना वर घेऊन जाणाऱ्या गाड्यांबद्दल.

मानेभंज्यांगच्या बाजारात या गाड्या ओळीनं उभ्या असतात. चौकोनी, ठोकळ्यासारख्या. लहान मुलानं पट्टी घेऊन मोटारीचं चित्र काढलं तर ते जसं दिसेल, अगदी तशा! पुढचे दिवे बटाट्याएवढे, काच सरळ उभी, दरवाजे पातळ पत्र्याचे. यांचं नाव लँड रोव्हर. यांतल्या कित्येक गाड्या १९५० ते १९६० च्या दशकातल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यावर अशी एखादी गाडी दिसली तर लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतील. इथं ती सकाळी उठून कामाला जाते.

ही गाडी जन्माला कशी आली त्याची गोष्ट मोठी झकास आहे. तिची सुरुवात होते जीपपासून. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा, १९४० साली, अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी गाडी हवी होती. चिखलात, वाळूत, दगडांत, कुठंही जाणारी. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीनं एकोणपन्नास दिवसांत पहिली गाडी तयार करून दिली! पण कंपनी बिचारी एवढीशी, हजारोंनी गाड्या कुठून बनवणार? मग सैन्यानं विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना काम दिलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनल्या. धाकट्यानं कल्पना काढायची आणि थोरल्यांनी खाऊ पळवायचा, असं घरात होतं तसंच झालं!

युद्ध संपल्यावर त्यातली एक जुनी जीप इंग्लंडमधल्या मॉरिस विल्क्स नावाच्या माणसाकडे आली. हा रोव्हर मोटार कंपनीचा मुख्य इंजिनिअर. वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्याची शेती होती, तिथं तो ही जीप राबवायचा. तेव्हा त्याच्या मनात आलं, की शेतकऱ्यासाठी अशीच गाडी आपणच का बनवू नये? असं सांगतात, की समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत काठीनं रेघा ओढून त्यानं आपल्या भावाला गाडीचा पहिला आराखडा दाखवला. भाऊ स्पेन्सर कंपनीचा प्रमुख होता, म्हणजे परवानगीचा प्रश्नच मिटला!

अडचण वेगळीच होती. युद्धामुळे इंग्लंडमध्ये पोलादाचं रेशनिंग चालू होतं. आपल्याकडे जशी साखर कार्डावर मिळायची, तसं तिथं कारखान्यांना पोलाद मोजून मिळायचं. मग विल्क्सनं गाडीचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. मोठमोठे साचे करायला पैसे नव्हते, म्हणून पत्रे सपाट ठेवले, हातानं वाकवता येतील असे. रंग कुठला? तर विमानांसाठी आणलेला हिरवा रंग शिल्लक होता, तोच फासला! ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. कंपनीचा हिशेब असा, की दोन-चार वर्षं हिच्यावर भागवू, मग पुन्हा आपल्या झोकदार मोटारी बनवू. पण झालं भलतंच. थोडेफार बदल होत होत गाडीचा तो घाट चालूच राहिला, तो थेट २९ जानेवारी २०१६ पर्यंत!

आता नीट लक्ष द्या, कारण मानेभंज्यांगची सगळी मेख इथंच आहे. पोलाद नव्हतं म्हणून जे नाइलाजानं केलं, तेच पुढे हिमालयात वरदान ठरलं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, आणि सिंगालीलावर तर वर्षातले कितीतरी दिवस ढग अंगावरूनच जातात. सपाट पत्र्याला पोचा आला तर गावातला माणूस लाकडी हातोडीनं तो सरळ करू शकतो. मोटारीत कळीची गोष्ट अशी कुठली नाहीच, की जिच्यासाठी कंपनीचा माणूस बोलवावा लागेल.

दार्जिलिंगकडे या गाड्या आणल्या त्या चहामळ्यांच्या इंग्रज साहेबांनी. मळ्यातले चढ-उतार, पावसाळ्यातला चिखल, तिथं साध्या मोटारीचा काय पाड लागणार? पुढे साहेब एकेक करून मायदेशी गेले. गाड्या मागे राहिल्या आणि डोंगरातल्या लोकांनी त्या विकत घेतल्या. साहेब ज्या गाडीतून मळ्यावर नजर ठेवायला फिरायचा, तिच्यात आता बटाटे भरले जाऊ लागले. मला तर गाडीचा हा दुसरा जन्म पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

चला, आता बसा गाडीत. मागच्या बाजूला समोरासमोर बाकं आहेत. गुडघ्याला गुडघे लागतात. डोकं जपा, टपाला आदळणार आहे! गाव सुटता सुटताच चित्रेचा चढ सुरू होतो. मग मेघमा. नावच बघा, मेघ या शब्दाची आठवण करून देणारं, आणि बहुतेक वेळा गाव खरोखरच ढगात हरवलेलं. तुमलिंगपाशी आपण कधी नेपाळात असतो, कधी भारतात. पुढे गैरीबासपर्यंत एवढा उतार, की कष्टानं कमावलेली उंची भराभरा खर्च होते. तिथून पुन्हा चढ. कालीपोखरी म्हणजे काळं तळं, तिथं चहा. मग बिखेभंज्यांग. बिख म्हणजे विष. या भागात बचनागाची विषारी झुडपं उगवतात, त्यावरून हे नाव पडलंय. आणि शेवटचे चार किलोमीटर तर विचारूच नका!

हा रस्ता कित्येक वर्षं नुसत्या दगडांचा होता. डांबर नाही, माती नाही, डोक्याएवढे दगड मांडलेले. अशा ठिकाणी गाडी चढते कशी? साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती दोन चाकं दगडावर घसरली, की खेळ खलास. लँड रोव्हरमध्ये ताकद चारही चाकांकडे नेता येते. मागची चाकं घसरली तर पुढची ओढतात, पुढची अडली तर मागची ढकलतात. शिवाय हिला नेहमीच्या गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन छोटे दांडे असतात. एकाची मूठ पिवळी, दुसऱ्याची लाल. पिवळी दाबली की चारही चाकं कामाला लागतात. लाल ओढली की गाडीचा वेग एकदम कमी होतो आणि जोर वाढतो. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकतो ना? पाय भराभरा फिरतात, सायकल सावकाश जाते, पण चढते. अगदी तेच!

आणखी एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. संदकफूच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानानं दोन तृतीयांशच उरते. आपल्याला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. म्हणून इथं घाई करून चालत नाही. चालक प्रत्येक दगड बघून चाक टाकतो. वळणं इतकी आखूड, की काही ठिकाणी एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे, असं करून गाडी वळवावी लागते. मागे येताना मागचं चाक कड्यापासून किती लांब आहे हे बघायची हिंमत असेल तर बघा. मी डोळे मिटून घेतले होते. आमचे चालक दाजू (दाजू म्हणजे थोरला भाऊ, तिकडे अनोळखी माणसालाही तसंच म्हणतात) मात्र शेजाऱ्याशी नेपाळीत गप्पा मारत होते.

पण सत्तर वर्षांची गाडी बाळगणं म्हणजे काय, हे चढावर कळत नाही. ते कळतं संध्याकाळी, गाडी गावात परतल्यावर. दिवसभर दगडांवर आपटलेले कमानपाटे तपासायचे. सैल झालेला प्रत्येक नट आवळायचा. या जुन्या घाटाच्या गाड्या कारखान्यातून निघणं १९८५ सालीच थांबलं, मग एखादा भाग मोडला तर नवा कुठून आणणार? मोडलेल्या दुसऱ्या गाडीतला काढायचा, नाहीतर घडवून घ्यायचा. मूळची पेट्रोल इंजिनं तर बऱ्याच गाड्यांतून केव्हाच गेली. त्यांच्या जागी बसली महिंद्रची डिझेल इंजिनं!

महिंद्र म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. बरोबर आहे. हीच ती कंपनी, जिनं १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडल्या. म्हणजे गंमत पाहा, जीप बघून लँड रोव्हर सुचली, आणि आता लँड रोव्हरच्या पोटात जीपवाल्यांचं इंजिन! शिवाय २००८ मध्ये लँड रोव्हर हा धंदाच मुंबईच्या टाटांनी विकत घेतला. २०१८ साली, गाडीच्या सत्तरीला, त्याच कंपनीनं या गावावर एक चित्रफीत काढली. तेव्हा इथं बेचाळीस जुन्या लँड रोव्हर चालू होत्या.

बहुतेक गाड्या चालवणाऱ्यांच्याच आहेत. काहींकडे त्या वडिलांकडून आल्या. गाडीवाल्यांनी आपली संघटना केलीय. कुणाची पाळी कधी, भाडं किती, ते तिथं ठरतं, म्हणजे एकालाच सगळी गिऱ्हाइकं आणि दुसरा उपाशी असं होत नाही. हंगामात पर्यटक असतात. एरवी वरच्या वस्त्यांना लागणारं मीठ, तांदूळ, रॉकेल, पत्रे, सगळं याच गाड्या नेतात. रात्री कुणी आजारी पडलं तरी दार यांचंच वाजतं.

आता मात्र रस्ता बदलत चाललाय. दगडांच्या जागी बऱ्याच भागात सिमेंट आलं. सिमेंटवरून बोलेरोसुद्धा वर जाते. हीदेखील महिंद्रचीच, २००० साली आलेली, नाशिकच्या कारखान्यातली. ती जास्त वेगात जाते, तिच्यात हाडं कमी खिळखिळी होतात, सुटे भागही मिळतात. मग म्हातारीत कोण बसणार?

शहरातून येणारे लोक हळहळतात. “अरेरे, जुनी मजा गेली!” मला ते फारसं पटत नाही. आपण दोन दिवस धक्के खायला येतो आणि घरी जातो. तिथल्या आजींना दवाखान्यात न्यायचं असेल तर तासभर लवकर पोचणंच महत्त्वाचं. रस्ता हवाच. पण दुसरी बाजूही आहे. सिंगालीला १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. बांबूच्या बनात इथं लाल पांडा राहतो, मांजराएवढा, भित्रा, झाडावर झोपणारा. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या वाढणार, भोंगे वाढणार, आणि पांडाला कुठं सिमेंट हवं होतं? जुन्या लँड रोव्हरसुद्धा काही साध्वी नव्हेत, डिझेलचा काळा धूर त्याही सोडतात. फक्त त्या मोजक्या होत्या आणि हळू होत्या.

गाडीवाल्यांपैकी काहींनी नव्या गाड्या घेतल्या. काहीजण जुनीच चालवतात, कारण मुद्दाम तिच्यातच बसायला येणारे पर्यटकही आहेत. एका तरुण गाडीवाल्याला मी विचारलं, “दाजू, ही विकून नवी का घेत नाही?” तो बॉनेटमध्ये डोकं घालून काम करत होता. वर न बघताच म्हणाला, “नवी बिघडली तर ती सिलिगुडीला न्यावी लागते. ही बिघडली तर मी इथंच असतो.”

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, आभाळ निवळलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये ऱ्होडोडेंड्रॉनची लालभडक फुलं मिळतात, पण शिखरं ढगात लपू शकतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उद्यान बंद असतं. सरहद्दीवर तपासणी होते, तेव्हा ओळखपत्र विसरू नका. लोकरीची टोपी हवीच. आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये चालकाशेजारची जागा मिळाली, तर आधी खाली वाकून बघा, त्या लाल-पिवळ्या मुठी अजून जागेवर आहेत का. मग दाजूंना विचारा, लाल कधी ओढतात. बिखेभंज्यांग आलं, की ते स्वतःच दाखवतील.