रात्रपाळीला कोण असतं?

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर आत्याला आधी घरीच ठेवून पाहिलं. पण नर्सिंग ब्युरोच्या बायका टिकेनात, माझी नोकरी, त्यात आमचा तिसरा मजला बिनलिफ्टचा. शेवटी तीच म्हणाली, "मला ठेव कुठेतरी. पण बघायला गेलीस की ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नकोस." टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेली बाई. समोरचा काय बोलतो त्यापेक्षा बेल वाजल्यावर किती वेळाने बोलतो, याकडे तिचं लक्ष.

पुण्यात पैसे भरून राहायच्या वृद्धाश्रमांना तोटा नाही. बऱ्याचशा भाड्याच्या बंगल्यांत. अंगणात गणपती, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो आणि मॅनेजरच्या तोंडी 'अगदी घरच्यासारखं'. नोंदणीबद्दल विचारलं की कोणी ट्रस्टचं प्रमाणपत्र दाखवी, कोणी शॉप ॲक्टचं लायसन. त्यावरून आत माणसं कशी सांभाळतात हे कसं कळणार? ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा मी वाचला होता. त्यात मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहभत्त्याबद्दल पुष्कळ आहे, निराधारांसाठी सरकारने काढायच्या वृद्धाश्रमांबद्दल आहे. पण पैसे भरून राहणाऱ्या माणसाला रात्री कुशीवर कोणी वळवायचं, ते त्यात सापडत नाही. एक कागद मात्र मी सगळीकडे मागायची. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी'. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. एका ठिकाणी विचारलं तर, "ॲडमिशनचा का? तो नंतर भरायचा," असं उत्तर मिळालं. तिथला जिना जेमतेम एका माणसाचा आणि अंथरुणाला खिळलेले सगळे वरच्या मजल्यावर. मी तिथूनच निघाले.

सगळ्यात महागडी जागा दिसायला उत्तम होती. एअर बेड, प्रत्येक खाटेशी बेल, पायथ्याशी क्लिपबोर्डला लावलेला चार्ट. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. आधी नुसता लालसर डाग दिसतो. तेव्हा लक्ष गेलं नाही तर पुढे खड्डा पडतो. हॉस्पिटलात आत्याची टाच लाल झाली होती, म्हणून मला हे ठाऊक. मॅनेजर फोनवर बोलत होते तेवढ्यात मी एका आजोबांचा चार्ट पाहिला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. चार्टवर दुपारचे एक, तीन आणि पाच, तिन्ही रकान्यांत 'डावी कूस', 'उजवी कूस', 'पाठ' असं लिहून खाली सही झालेली. आजोबा पाठीवरच होते. बेलची दोरी गुंडाळून त्यांच्या डोक्यामागच्या खिळ्याला अडकवलेली. "ते सारखी वाजवतात," तिथली मुलगी म्हणाली. तिच्यावर मला राग धरवेना. ती आदल्या संध्याकाळपासून ड्यूटीवर होती, बदलीची आलीच नव्हती.

त्यानंतर मी माझे प्रश्न बदलले. जेवणात काय देता, भजन असतं का, हे विचारणं सोडलं. रात्री किती माणसांमागे किती मावश्या? त्यांतल्या वर्षभराहून जुन्या किती? रात्रीचं जेवण किती वाजता आणि सकाळचा चहा किती वाजता? (साडेसहाला जेवण आणि साडेसातला चहा म्हणजे मधुमेही माणसाचे तेरा तास कोरडे; हे बहुतेक ठिकाणी कोणाच्या मनातही आलेलं नव्हतं.) शेवटचं कोण पडलं होतं आणि पुढे काय केलंत? "आमच्याकडे कोणी पडतच नाही," असं ठासून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नसे. म्हाताऱ्या माणसांच्या घरात कोणी पडत नसेल, तर त्यांना खाटेवरून उतरूच देत नसणार.

आत्या आता जिथे आहे ती जागा फोटोत दाखवण्यासारखी नाही. फरशी जुनी, फिनेलचा वास. पण रात्री नऊनंतर मी न कळवता गेले तेव्हा वॉचमनने फक्त वहीत नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. आत एक मावशी एका आजींना दुधात भिजवलेलं बिस्किट भरवत होती. पहिला घास गिळून तोंड रिकामं झाल्याचं बघून मगच दुसरा. मी त्या आजींबद्दल विचारलं, तर त्यांचं गाव, त्यांची बंद झालेली गोळी आणि उजव्या कानाने ऐकू येत नाही हे सगळं तिला तोंडपाठ. मॅनेजरबाईंनीही पडलेल्यांची वही उघडून दाखवली. त्यात नावं होती, वेळा होत्या, नातेवाइकांना कितीला फोन केला तेही होतं. दोन ठिकाणी 'फोन उशिरा केला' असंही लिहिलेलं. ते वाचून मी डिपॉझिट भरलं.

आत्याच्या तक्रारी आहेतच. आमटी पांचट, शेजारीण घोरते, टीव्हीवर दिवसभर मालिका. पहिल्या रात्री तिने मुद्दाम बेल वाजवून पाहिली होती. "दुसऱ्या रिंगला आली," मला फोनवर सांगितलं, "आमच्या वेळी एवढं केलं असतं तर सुपरवायझर ओरडला असता, पण चालेल." मी अजूनही ठरावीक वाराला जात नाही. गेल्यावर आधी तिच्या टाचा बघते, मग वही. जुलैचा फॉर्म बी अजून दाखवलेला नाही. या शनिवारी तो मागायचा आहे.